श्रावणाच्या बाजूची चीर

मी एक जुना घडा आहे, मित्रांनो, आणि फुटका आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझी सगळी गोष्ट त्या चिरेतूनच झिरपते.

माझी माती धानोऱ्याच्या जंगलातल्या एका नाल्याकाठची. तिथं रोज वाघ पाणी प्यायला येई, म्हणून माझ्या पोटात अजून गुरगुर आहे. पटत नसेल तर तोंड घालून ओरडून बघा. शेजारच्या गावच्या कोलू कुंभारानं मला चाकावर छान गोल केलं, पण भट्टीत माझ्या बुडाशी केसाएवढी चीर गेली. तो मला फेकायला निघाला, तर वाटेत आमच्या गावची रुखमाबाई उभी.

"फेकतो काऊन, कोलूभाऊ? मले दे."

"फुटका हाय, बाई. पानी झिरपते."

"एकाच बाजूनं झिरपते ना? मंग मले तोच पायजे."

आमच्या गावात अक्षय तृतीयेच्या सांजेला पावसाचा कौल घेत. बांधीतली, म्हणजे धानाच्या शेतातली, चार ढेकळं आणायची, त्यांना ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भाद्रपद अशी नावं द्यायची आणि त्यांच्यावर पाण्यानं भरलेला घडा ठेवायचा. सकाळी ज्या महिन्याचं ढेकूळ जास्त ओलं, त्या महिन्यात जास्त पाऊस. हा मान रुखमाबाईच्या घराचा. "नव्या घड्याले पावसाचं काय ठाऊक?" असं म्हणून ती दरवर्षी मलाच मांडायची.

आणि दरवर्षी श्रावणाच्या ढेकळाचा चिखल व्हायचा! गाव घाबरायचं. गावाच्या बोडीची, म्हणजे तळ्याची, मातीची पाळ होती आणि तिच्याखाली सगळ्यांच्या बांध्या. लगेच कुदळी-टोपल्या घेऊन माणसं पाळीवर चढायची, खेकड्यांची बिळं बुजवायची, माती टाकायची. आठ वर्षं पाळ जागची हलली नाही. माझं नाव असं गाजलं की एकदा एक ढग वाट विचारायला माझ्याकडं आला होता. अगदी खरं सांगतो.

पण मान एका दिवसाचा. उरलेलं वर्ष मी गोठ्यात आडवा. एक तांबडी कोंबडी माझ्यात अंडी घालायची. एकवीस पिल्लं मी ऊब देऊन वाढवली, पण एकानंही मला बाप म्हटलं नाही.

छप्पन साली गुणवंतराव पाटलांना शंका आली. "बाई, दरसाली सावनच कसा भिजते? यंदा घडा मी ठेवतो."

रुखमाबाईला नाही म्हणता येईना. पाटलांनी मला मांडलं आणि चीर गेली ज्येष्ठाकडे.

सकाळी ज्येष्ठाचा चिखल, श्रावण ठणठणीत कोरडा. सगळ्यांत जास्त आनंद झाला तो मुखरूला. हा इतका आळशी की नाकावरची माशी हाकलायला शेजाऱ्याला हाक मारायचा.

"सावन कोरडा! जेठाच्या पावसानं रिकामी बोडी काई फुटत नाई. यंदा पाळीचं काम नाई!"

टोपल्या परत घरात जाऊ लागल्या. रुखमाबाईनं त्याच आठवड्यात पाळीत कोपरापर्यंत हात जाईल अशी बिळं पाहिली होती. खरं सांगावं तर आठ वर्षांचा मान जाणार, गप्प बसावं तर गावाचं धान वाहून जाणार. तिनं मला कडेवर घेतलं होतं. मग एकदम तिनं मला भर अंगणात उंच धरलं. टप. टप. एकाच बाजूनं.

"पाहा. फुटका हाय. चीर मीच सावनाकडे ठेवत होती."

"आठ वर्सं आमाले फसवलं, बाई?" पाटील म्हणाले.

"फसवलं, भाऊ. तुमी आपल्या मनानं कवा पाळीवर चढले असते? अन् बोडी एकदाबी फुटली का?"

मला वाटलं, आता आपली खापरं होणार. तेवढ्यात मुखरू उठला.

"आठ वर्सं बाईनं माह्याकडून काम करून घेतलं अन् मले पत्ताच नाई! हे तर माह्या बायकोलेबी जमलं नाई!"

आधी पाटील हसले, मग सारं अंगण. हसतहसतच टोपल्या निघाल्या.

त्या श्रावणात पाऊस असा लागला की बोडीतले मासे मोहाच्या झाडावर चढून बसले. पाळ मात्र हलली नाही.

पुढच्या अक्षय तृतीयेला रुखमाबाईनं मुकाट्यानं नवा घडा आणला. पाटलांनी तो बाजूला सारला. "तो जुनाच आन, बाई." त्यांनी स्वतः मला मांडलं आणि सगळ्यांदेखत माझी चीर श्रावणाकडे वळवली. सकाळी गाव ढेकळांवर वाकलं.

"अरे बापा! यंदाबी सावनच भिजला!" मुखरू सगळ्यांत मोठ्यानं ओरडला आणि टोपली घेऊन सगळ्यांत पुढं पाळीवर गेला.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या गावाची पाळ पावसाआधी एकदा फिरून पाहा. दर गावाला माझ्यासारखा घडा मिळत नाही. आणि घरात एखादा फुटका घडा असला तर फेकू नका. निदान कोंबडीला तरी बसू द्या. पिल्लं बाप म्हणत नाहीत, पण पोटात ऊब राहते.