एवाल्डच्या बागेतले बटाटे

नगरपालिकेने लोकांना भाड्याने दिलेल्या छोट्या बागांची जमीन घरबांधणीला द्यायचं ठरवलं, तेव्हा हाइड्रून पोलमान भर जानेवारीत बाजारचौकात टेबल मांडून बसली. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढलेली बाई. मुलांच्या ताटात परदेशातून ट्रकने आलेलं बेचव गाजर वाढताना तिचा जीव जळायचा. तिच्या बागेशेजारच्या बागेचा एवाल्ड तिच्या बाजूला उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारी. ऐंशीचा म्हातारा, उजवा हात लकव्याने गेलेला, पण तोंड शाबूत.

"सही करा हो, फुकट आहे! नाहीतर पुढच्या वर्षी मुळ्याऐवजी सिमेंट खा!"

सह्या साडेचार हजार झाल्या आणि शहर नमलं. बागा राहिल्या, शाळांनी तिथली भाजी घ्यायची हेही ठरलं. अटी तेवढ्या तुम्हीच लिहून द्या, म्हणाले. हाइड्रूनने एका बैठकीत लिहिल्या. प्रत्येक बागेचा तिसरा हिस्सा भाजीपाल्याखाली हवा, आणि कसणारे हात बागवाल्याचेच हवेत. मजूर लावून हौस भागवणाऱ्यांना तिला एकदा धडा शिकवायचाच होता. जमलं नाही तर बाग प्रतीक्षायादीतल्या पुढच्याला. सभेत टाळ्या पडल्या. एवाल्डनेही एका हाताने मांडी बडवली.

घरी आल्यावर तिच्या डोक्यात उजेड पडला. एवाल्डच्या बागेत घेवड्याची एक ओळ सोडली तर नुसतं गवत होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

एप्रिलात ती फावडं घेऊन त्याच्या बागेत शिरली.

"हे काय मांडलंयस?" फाटकातून एवाल्डने विचारलं.

"बटाटे लावतेय. जुलैत तपासणी आहे."

"माझ्या बागेत?"

"तुमचीच बाग वाचवायला! घरी जा आणि कॉफी प्या."

तो गेला. ओशाळला बिचारा, असं तिला वाटलं. माप कमी पडायला नको म्हणून चार दिवस तिने कुंपणापर्यंतच्या सगळ्या गवताची ढेकळं उलथली, कंबर मोडून घेतली, आणि मनातून फार खूश झाली. नंतर उन्हाळाभर एवाल्ड क्वचितच आला. कुंपणापाशी घटकाभर उभा राही आणि परत जाई. उन्हाने म्हातारा थकतो, असं ती धरून चालली.

जुलैत नगरपालिकेच्या लिंडाउबाई टेप घेऊन आल्या. दुसरं टोक हाइड्रूनने धरलं.

"भरलं माप," लिंडाउबाई म्हणाल्या. "आणि कसतं कोण?"

"हेच," हाइड्रूनने कुंपणापाशी उभ्या एवाल्डकडे बोट केलं. "दुसरं कोण?"

लिंडाउबाईंची नजर एवाल्डच्या लोंबत्या हाताकडे गेली. बाई वाईट नव्हती. "पोलमानबाई, तुम्ही हो म्हणा, मी हो लिहिते. पण गेल्या आठवड्यात सात नंबरची बाग याच अटीवर गेलीय."

"हो," हाइड्रून म्हणाली.

"नाही," एवाल्ड म्हणाला. "सात नंबरची बाई रडत गेली, मग मी कोण मोठा लागून गेलो? यातला एक बटाटा मी लावला नाही. लिहा."

लिंडाउबाईंनी लिहिलं आणि मान खाली घालून त्या निघून गेल्या.

हाइड्रूनचा बांध फुटला. "चार दिवस राबले मी तुमच्यासाठी! एका शब्दाने बाग वाचली असती!"

"कुठली बाग?" एवाल्ड शांतपणे म्हणाला. "हात गेल्यापासून मी इथे गवतावर खुर्ची टाकून बसायला यायचो. दुसरं काही येत नाही मला आता. माझी बाग एप्रिलातच गेली गं. आज नुसता कागद झाला."

"मग तेव्हाच अडवायचं नाहीत का?"

"अडवणार होतो. पण किती वर्षांनी कुणीतरी माझ्यासाठी घाम गाळत होतं. नको म्हणवेना."

हाइड्रूनला मटकन खाली बसावंसं वाटलं, पण इकडून तिकडे सगळ्या बटाट्याच्या सऱ्याच होत्या.