पलंगालगतची भिंत

मी घरं रंगवतो. माझी बायको गणित शिकवायची. लोखंडात अगणित बारीक चुंबकं असतात, काहींची तोंडं वर, काहींची खाली. या दोन जमावांच्या मध्ये पातळ पडद्यासारखी हद्द असते. लोखंडात इथेतिथे भेसळ असते, म्हणून तो पडदा सपाट बसत नाही. तो किती वरखाली होतो, हे तिला सिद्ध करायचं होतं. तेरा वर्षं ती त्यामागे होती.

"मी खडबडीत सपाट करून पोट भरतो आणि तू खडबडीत शोधत बसतेस," मी म्हणायचो.

"म्हणून तर जमलं आपलं. दोघंही सपाट असतो तर कंटाळून मेलो असतो."

शेवटच्या चार महिन्यांत तिला बसवेना. मग कुशीवर पडून पलंगालगतच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहायची. मधूनमधून मी भिंतीला रंगाचा हात द्यायचो. वाळली की ती पुन्हा सुरू.

ती गेली त्या दुपारी नातेवाईक यायचे होते. मला काही सुचेना. ब्रश घेतला आणि भिंतीला दोन हात दिले.

तीन आठवड्यांनी तिची विद्यार्थिनी आली. सिद्धतेची शेवटची पायरी वहीत नव्हती. शेवटच्या पानावर फक्त लिहिलं होतं, 'पुढचं भिंतीवर.'

"काका, कुठली भिंत?"

मी दाखवली. ती कोऱ्या भिंतीकडे बघत राहिली.

"चुकलं होतं का ते? मॅडमनीच रंगवायला सांगितलं?"

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. गणित चुकलं की तीच म्हणायची, "मार रे बाबा, हात मार." या वेळी ती तसं म्हणाली नव्हती.

"बरोबर होतं," मी म्हणालो. "चुकलं असतं तर रंगवायला सांगितलं असतं. आदल्या संध्याकाळी तिने वही मागितली होती, उतरवून घ्यायला. मीच म्हणालो, आता पड जरा, उद्या बघू."

विद्यार्थिनीने वही मिटली.

"काका, एवढ्यावर छापता नाही येणार."

"माहीत आहे."

"पण ती पायरी आहे, एवढं तर कळलं. शोधते मी."

विद्यार्थिनी गेल्यावर मी बारीक पॉलिश पेपर काढला. वरचा हात निघाला, खालचा निघाला, आणि त्याच्यासोबत पेन्सिलही. तळहाताएवढी जागा घासून थांबलो. पेपरवर करडी भुकटी जमली होती. ती अजून झटकलेली नाही.