निळ्या दाराशी मॉनिटरिंग

करुणा गेली हे गावाला कळलं ते शिट्टी वाजली नाही म्हणून. आदल्या रात्री तिला चक्कर आली, आम्ही तिला जीपमध्ये घालून दौंडच्या दवाखान्यात नेलं. शेजारचे सोडले तर कुणाला माहीत नव्हतं. सकाळी मी बन्सीच्या एसटीडी बूथवर फोन केला, तोवर शिट्टी नाही हे बघून अर्धं गाव पुन्हा ओढ्याकाठी निवांत बसून आलं होतं. बन्सीनं नंतर मला सांगितलं, "आधी लोकं खूश झाली, नवनाथ. मग टमरेल घेऊन एकमेकाला इचारायला लागली, करुणाबाईला काय झालं?"

करुणा, माझी बायको, गावाची मॉनिटर होती. हागणदारी बंद करायची योजना आली तेव्हा हा शब्द पंचायत समितीच्या साहेबांनी आणला. ग्रामसभेत आधी त्यांनी फळ्यावर 'संनियंत्रण' असं लिहिलं. कुणाला काही कळलं नाही. मग ते म्हणाले, "म्हणजे मॉनिटरिंग. महिलांचं पथक पहाटे फिरेल, उघड्यावर कुणी बसलेलं दिसलं की शिट्टी वाजवेल."

"म्हंजी पाळत का?" हौसराव आबांनी विचारलं. आबा म्हणजे गावातले मोठे बागायतदार, सोसायटीचे जुने चेअरमन. "पाळत चोरावर ठेवत्यात. मी माझ्या रानात बसतो."

"पाळत नव्हे आबा, देखरेख."

"देखरेख गाभण म्हशीवर असती."

"बरं, तपासणी म्हणा."

"तपासणी?" आबा म्हणाले. "ह्या बाया काय काय तपासणार हायेत?"

सभा हसून लोळली. करुणा उभी राहिली. "आबा, शाळेत मॉनिटर असतो का न्हाई? त्याच्याकडं छडी नसती. त्यो नुसता बघतो, आन् आपुन बघतोय हे पोरांना कळू देतो. वर्ग गप बसतो."

साहेबांना जेवायला उशीर होत होता. त्यांनी शिट्टी तिच्या हातात दिली.

मी रेल्वेत कीमॅन होतो. खुटबावच्या पुढच्या टप्प्यात रूळ जागेवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या बघत, ढिली दिसली तर ठोकत चालायचं, हे माझं काम. रुळाकडेला बसणारं निम्मं गाव मला पाठीवरून ओळखू यायचं, पण मी कधी कुणाला बोललो नाही. करुणा म्हणायची, "तुमचं ते चेकिंग. ठोकलं की पुढं. माझं मॉनिटरिंग. माणूस उठंस्तोवर हलायचं न्हाई."

हळूहळू सगळे उठले. कुणी लाजेनं, कुणी शिट्टीच्या कटकटीनं. राहिले एकटे आबा. अनुदानातून त्यांनी संडास बांधला होता, निळ्या दाराचा. आत कांदे भरले होते. करुणा रोज पहाटे त्यांच्या बांधापाशी जायची, पाठ करून उभी राहायची आणि शिट्टी फुंकायची.

"आबा, उठा!"

"हो तिकडं! आमच्या बांधावर येऊन आम्हाला शिकवती?"

"बांधावर बसलायसा म्हणूनच आले. घरात बसा, न्हाई येणार."

आमच्या बौद्धवस्तीतल्या बाईनं आबांना उठवायचं, हे गावात काहींना झोंबायचं. आबांना किती झोंबायचं ते सांगता येत नाही, कारण शिव्या देत होते पण जागा बदलत नव्हते. करुणा म्हणायची, "आबा एकदा त्या निळ्या दारात गेले, की माझं काम संपलं."

त्या रात्री दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "मॉनिटरवर ठेवलंय." पडद्यावर हिरवी रेघ नाचत होती. मी त्या रेघेकडे बघत बसलो. मला वाटलं, हा मॉनिटरही करुणासारखाच असेल, उठवल्याशिवाय सोडणार नाही. पहाटे तो वाजला. सगळे धावले. ती उठली नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि एका संध्याकाळी हौसराव आबा दारात. आबा आमच्या वस्तीत मतं मागायलाच यायचे, आणि तेव्हा निवडणूक नव्हती. खाटेवर बसले. बाई चांगली होती म्हणाले. मग नुसतेच चुळबुळ करत राहिले.

"नवनाथ, एक सांगतो. हसू नगं."

"न्हाई हसत, आबा."

"करुणा गेल्यापासनं मला होत न्हाई."

"काय होत न्हाई?"

"आरं काय म्हंजी? तेच!" आबांनी दाराकडे बघून आवाज खाली आणला. "जाऊन बसतो. बसतो आन् वाट बघतो. तिची शिट्टी वाजली की दचकून मोकळं व्हायचं, तशी सवयच लागली. आता आमच्या मंडळीनं, सोजराबाईनं, एरंडेल पाजलं, काढं पाजलं. काय उपेग न्हाई. तू ये आन् वाजव."

मी हसलो. करुणा गेल्यापासून पहिल्यांदा हसलो, आणि मला थांबताच येईना. आबा आधी चिडले, मग तेही हसायला लागले, मग पोट धरून "आई गं" म्हणाले.

"येतो," मी म्हणालो. "पण बांधावर न्हाई. निळ्या दाराशी."

"तितं कांदं हायेत."

"मंग कांद्यांना इचारा, जागा देत्यात का."

आबा चप्पल आपटत गेले. दुसऱ्या दिवशी बन्सी सांगत आला, आबांच्या अंगणात सगळे कांदे पसरलेत.

पहाटे गेलो तेव्हा आबा आत होते. निळ्या दारामागून आवाज आला, "वाजव!"

मी शिट्टी तोंडात धरली आणि जिभेला मिश्री लागली. करुणा दातांना तंबाखूची मिश्री लावूनच बाहेर पडायची आणि त्याच तोंडात शिट्टी धरायची. त्या मिश्रीवरून आमचं जन्मभर भांडण चाललं. फुंकर बाहेर पडेना.

"नवनाथ! हायस का गेलास?"

"हाय, आबा."

"मंग वाजव की रं! का हितंच जीव सोडू?"

स्वयंपाकघरातून सोजराबाई ओरडल्या, "वाजवा वो भाऊ! ह्यांच्या पोटापायी घरात कुणाला सुख न्हाई!"

मी फुंकली. गोठ्यातली म्हैस बिचकली. आतून डबा वाजला. मग आबा म्हणाले, "झालं बाबा."

बाहेर येऊन हात धुताना म्हणाले, "तिची येगळी वाजायची. तू गार्डावानी वाजवतोस. गाडी सुटंल त्यानं, पोट न्हाई."

"सुटलं की पण."

"नाइलाजानं."

काही दिवस मी रोज गेलो. एका सकाळी पोचलो तर आबा निळ्या दारातून बाहेर येत होते. मी शिट्टी काढलीही नव्हती. शाळा चुकवलेल्या पोरागत त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आज आपोआपच झालं रं."

"चांगलं झालं, आबा."

"उद्या येशील?"

"आता कशाला?"

"च्या प्यायला."

करुणाचं काम असं संपलं. ते तिनं पाहिलं नाही, मी पाहिलं. शिट्टी आता घरी खुंटीला आहे. फुंकायच्या टोकाला तिची मिश्री काळी बसली आहे. ती धुवायची राहिली आहे.