दार उघडं राहिलं

"पाय किती आहेत?" आतल्या खोलीतून बाईंनी विचारलं.

"मोजायला थांबलो नाही मी!" काका जेवणाच्या टेबलावरून ओरडले. टेबलावरून म्हणजे टेबलाशी बसून नव्हे, टेबलावर उभे राहून. डोकं पंख्याला लागू नये म्हणून मान वाकडी केलेली, एका हातात झारा, आणि दुसऱ्या हातानं पायजमा गुडघ्यापर्यंत वर धरलेला.

"शेपूट?"

"आहे. झुपकेदार."

"रंग?"

"अगं, मला काय त्याचं लग्न जुळवायचंय? राखाडी. जरासं तांबूस. ओट्याखाली शिरलंय आणि तिथून माझ्याकडे बघतंय."

"डोळे लाल आहेत?"

"माझे की त्याचे?"

आतून एक आवाज आला. काकांना आधी वाटलं, ठसका लागला. मग त्यांच्या लक्षात आलं, बाई हसल्या होत्या. हातातला झारा खाली पडता पडता राहिला. दवाखान्यातून घरी आल्यापासून बाई हसल्या नव्हत्या. हसणं सोडा, धड एक वाक्य बोलल्या नव्हत्या.

काका बंदरावर क्रेन चालवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गल्ली त्यांना क्रेनकाका म्हणूनच ओळखायची. देह असा, की ते दारात उभे राहिले की खोलीत अंधार व्हायचा. सगळी नोकरी त्यांनी जमिनीपासून उंच, काचेच्या खोक्यात बसून काढली. वादळी वाऱ्यात ते खोकं हेलकावे खात असताना हे आपले निवांत डबा खायचे. उंचीचं भय म्हणून नाही. पण जमिनीवर सरपटणारं, तुरतुरणारं किंवा उड्या मारणारं काही दिसलं, की पाचावर धारण बसायची. नुसतं "मनात पाल चुकचुकली" असं कुणी म्हटलं, तरी ते आधी छताकडे बघून घ्यायचे.

तो विभाग बाईंकडे होता. बाई मुलींच्या शाळेत पीटी शिकवायच्या. उंचीला काकांच्या खांद्यापर्यंत, वजनाला त्यांच्या निम्म्या, पण आवाज असा की मैदानाच्या पलीकडच्या टोकाला आळस देणारी मुलगी अर्ध्या आळसावर थांबायची. घर गल्लीतलं शेवटचं. मागे दगडी कुंपण, त्यापलीकडे ओढा आणि दाट झाडी. त्यामुळे न बोलावता येणाऱ्यांची कधी कमी नव्हती. आत शिरलेलं वटवाघूळ बाई टॉवेलात गुंडाळून बाहेर सोडायच्या. साप आला तर काठीनं वाट दाखवत त्याला कुंपणापर्यंत पोचवायच्या, पाहुण्याला फाटकापर्यंत सोडावं तसं. माकडांना तर शिट्टी पुरे व्हायची. तोवर काका टेबलावर. लग्न झालं तेव्हापासून कामांची ही वाटणी होती, आणि दोघांपैकी कुणालाच तीत वावगं वाटलं नव्हतं.

अशा बाई अंगणाच्या पायरीवरून पडल्या. ना साप, ना माकड. ओली चप्पल. खुबा मोडला, शस्त्रक्रिया झाली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाला, "वॉकर धरून रोज चाला. चालाल तर चालाल."

"पळता येईल?" बाईंनी विचारलं.

डॉक्टर तरुण होता, आणि सरळ होता. "नाही," म्हणाला.

घरी आल्यावर बाईंनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. वॉकर पलंगाशी नुसता उभा राहिला. शेवटी काका त्यावर टॉवेल वाळत घालायला लागले. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची, तिला बाई रोज "उद्या बघू" म्हणायच्या. जेवणात दोन घास. काका चहा घेऊन शेजारी बसत, गल्लीतल्या गमती रंगवून सांगत. बाई "हं" म्हणत. कधी तेवढंही नाही.

आणि आज, ओट्याखालच्या त्या झुपकेदार शेपटीमुळे, बाई हसल्या होत्या.

"मुंगूस आहे ते," त्यांनी आतून निकाल दिला. "तुमच्यापेक्षा जास्त घाबरलंय."

"ते शक्य नाही."

"ऐका माझं. आधी मधलं दार लावून घ्या, नाहीतर इकडे येईल."

"त्यासाठी खाली उतरावं लागेल."

"मग काय दार वर येणारे? उतरा!"

या आवाजावर मुलींच्या कित्येक पिढ्या पळाल्या होत्या. काका उतरले.

"लावलं? आता मागचं दार सताड उघडा. खुर्च्या आडव्या घालून गल्ली करा, त्याला बाहेरची वाट सोडून दुसरी वाटच दिसता कामा नये. झालं? आता ओट्याच्या उजवीकडे जा."

"माझ्या उजवीकडे की त्याच्या?"

"अहो!"

"गेलो, गेलो."

"आता ताट घ्या आणि बडवा!"

काकांनी डोळे घट्ट मिटले आणि झाऱ्यानं ताट बडवलं. डोळे उघडले तेव्हा एक खुर्ची उताणी पडली होती, साखरेचा डबा लवंडला होता आणि ओट्याखाली कुणी नव्हतं.

"गेलं!" काका ओरडले.

"कुठून गेलं?"

"मी बघितलं नाही."

"मग गेलं कशावरून?"

प्रश्न रास्त होता. काका पुन्हा टेबलावर चढले.

शेवटी शेजारच्या शिलाईवाल्या ताईंनी कुंपणावरून हाक मारून सांगितलं, की आत्ताच तुमच्या दारातून एक मुंगूस जीव खाऊन पळालं, काय केलंत तरी काय त्याला? तेव्हा कुठे काका खाली आले. त्या दुपारी बाईंनी ताटातलं सगळं संपवलं. जेवताना, सामना हरलेल्या संघाला सांगावं तसं काकांचं कुठे कुठे चुकलं ते सांगितलं. डोळे मिटले ही पहिली चूक. काका मान डोलवत होते आणि मनातल्या मनात त्या मुंगसाला दुवा देत होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा भिंत. तिसऱ्या दिवशीही तेच.

काका स्वयंपाकघरात बसले. चहा गार झाला. मागच्या दाराकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग उठले. एक केळं सोललं, बशीत घातलं, बशी उंबऱ्याशी ठेवली, दार अर्धवट लोटलं, आणि आगाऊच टेबलावर चढून बसले.

आधी एक खार आली. ती काही मोठी गोष्ट नव्हती, पण काकांनी आरडाओरडा असा केला की बाईंना वाटलं अस्वल शिरलं.

"आता हे कसं आत आलं?"

"दार उघडं राहिलं बहुतेक."

"तुम्हाला दारसुद्धा लावता येत नाही?" बाई म्हणाल्या, आणि झोपून आवाज लांब जात नाही म्हणून एक उशी जास्तीची मागून घेतली.

त्यानंतर दार वरचेवर उघडं राहू लागलं. एकदा मुंगूस पुन्हा येऊन गेलं. एकदा न्हाणीघरात घोरपड निघाली. ती बघून काकांची बोबडी अशी वळली, की ती काय आहे हे बाईंना कळायलाच वेळ गेला. "मगर! छोटी मगर!" एवढंच ते म्हणत राहिले. त्या दिवशी बाई पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसल्या आणि तिथून त्यांनी ती मोहीम चालवली. बादली कुठे धरायची, उजेड कुठून येऊ द्यायचा, कुठे गप्प उभं राहायचं. घोरपड सावकाश, पाहणी करून निघालेल्या साहेबासारखी, बाहेर गेली. काका घामानं निथळत आत आले. बाई म्हणाल्या, "आज डोळे उघडे होते ना?"

"एक होता," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी व्यायामाची मुलगी आली तेव्हा बाई "उद्या" म्हणाल्या नाहीत. "आवर लवकर," म्हणाल्या, "आमच्याकडे कधी काय शिरेल सांगता येत नाही."

मग माकड आलं. चांगलं थोराड. ते फ्रिजवर बसलं आणि एकेक फळ उचलून, चावा घेऊन, नापसंत करून खाली टाकू लागलं. काका ओरडले, हातवारे केले, ताट वाजवलं. माकडानं त्यांच्याकडे अशी नजर टाकली, जशी रांगेत मध्ये घुसणाऱ्याकडे टाकतात. इतक्यात मागून टक्, टक् आवाज आला. वॉकरवरचा टॉवेल जमिनीवर पडला होता आणि बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. चेहरा दुखण्यानं आवळलेला, ओठांत शिट्टी. त्यांनी ती एकदाच फुंकली. माकडानं फळ टाकलं आणि खिडकीतून बाहेर झेप घेतली.

बाई मात्र खिडकीकडे बघत नव्हत्या. त्या काकांकडे बघत होत्या.

"अहो, तुम्ही खाली आहात."

"कुठे खाली?"

"जमिनीवर."

काकांनी आपल्या पायांकडे पाहिलं. खरंच. इतका वेळ माकडासमोर ते जमिनीवरच उभे होते. हे कळल्याबरोबर त्यांना खुर्ची ओढून बसावं लागलं.

त्याच आठवड्यात त्यांची मुलगी आली. नोकरी दुसऱ्या शहरात असल्यामुळे तिचं येणं सुट्टीवर अवलंबून. मागच्या दारानं आत यायची तिची लहानपणापासूनची सवय. ती आली आणि तिचा पाय थेट बशीत पडला.

"बाबा, हे काय?"

"केळं."

"ते दिसतंय. उंबऱ्यात कशाला?"

"राहिलं असेल कुणाचं तरी."

"सोलून? बशीत?" तिनं आजूबाजूला पाहिलं. पायरीवर कलिंगडाच्या साली, दाराला अडसर म्हणून लावलेली वीट. ती हुशार होती, आईवर गेली होती. "तुम्ही मुद्दाम बोलावताय जनावरांना? तुम्ही? बाबा, डोकं ठिकाणावर आहे का? चावलं असतं एखादं! आई पळूही शकत नाही, तिच्या अंगावर गेलं असतं तर?"

शेवटचं वाक्य बरोबर होतं, म्हणून ते लागलं. काका खुर्चीत बसले तसे लहान दिसायला लागले.

"ती बोलत नव्हती गं," ते म्हणाले. "जेवत नव्हती. भिंतीकडे बघत बसायची. मी फोनवर तुला सांगितलं नाही. त्या मुंगसाला बघून… म्हणजे मला बघून, ती हसली. मला दुसरं काही सुचलं नाही."

मुलीनं बशी उचलून ओट्यावर ठेवली. मग म्हणाली, "आई माझ्याकडे येईल. तुम्ही दोघंही या. चौथा मजला आहे, लिफ्ट आहे, घरात पालसुद्धा येत नाही."

"चौथ्या मजल्यावर मी शिट्टी कुणाला मारू? लिफ्टला?"

बाई वॉकर टेकत टेकत येऊन दारात उभ्या होत्या. "आणि त्यांना रागावू नकोस. मला ठाऊक होतं सगळं."

काकांनी मान वर केली. "काय ठाऊक होतं?"

"मुंगूस केळं सोलून खातं का हो? साली कचऱ्याच्या डब्यात टाकतं?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही दार लावलं असतं." मुलीनं पुढे केलेल्या खुर्चीत बाई सावकाश बसल्या. श्वास जरा स्थिर होऊ दिला. "दवाखान्यात पडल्या पडल्या मला एकच घोर होता. उद्या माझं काही बरंवाईट झालं, तर हा माणूस उरलेला जन्म त्या टेबलावर काढेल. चहासुद्धा वरच मागवेल. पण मागवणार कुणाकडे? म्हटलं, उठता येत नाही तर नाही, निदान याला तरी तयार करून घ्यावा."

"म्हणजे तू मला शिकवत होतीस?"

"तुम्ही मला उठवत होता. फिट्टंफाट."

मुलगी हसायला लागली आणि हसता हसता तिनं आईच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. काका उगाचच उठून नळ घट्ट करून आले. नळ गळत नव्हता.

जायच्या आधी मुलीनं मात्र तिचं खरं केलं. माणूस बोलावून सगळ्या खिडक्यांना जाळी बसवली आणि मागे जाळीचं दार लावलं, आपोआप मिटणारं. त्यानंतर घरात काही शिरलं नाही. बाई वॉकर धरून सकाळ-संध्याकाळ ओट्यापर्यंत जायच्या आणि परत यायच्या. डॉक्टर म्हणाला होता तसंच झालं. त्या चालू लागल्या. तेवढंच.

एका सकाळी बाईंनी उभ्यानं चहा केला आणि दोन कपांत ओतला. काका कप उचलणार, इतक्यात कुंपणापलीकडून शिलाईवाल्या ताईंची किंकाळी आली.

"काका! अहो काका, धावा! मशीनखाली साप आहे!"

बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. इतकी वर्षं त्या कुंपणावरून हाक यायची ती "बाई, धावा" अशी. त्यांनी तोंड मिटलं.

काका कप तसाच ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले. "जाऊ?"

"जा ना. काठी घ्या. आणि आधी ताईंना बाहेर काढा, त्या उड्या मारत असतील."

काका गेले. फाटक वाजलं. बाई खिडकीशी आल्या. जाळीतून शेजारच्या छपराची कड आणि दोरीवरची वाळत घातलेली कापडं, एवढंच दिसत होतं. बाकी सगळं नुसतं ऐकू येत होतं. ताईंचं रडवं बोलणं, काहीतरी सरकवल्याचा आवाज, आणि मग काकांचा आवाज, जरासा कापरा पण मोठा. "ताई, हलू नका. त्याला जायला वाट द्यायची, बस. मारायचं नाही कुणी."

मग सगळं शांत झालं. एकदम शांत.

बाईंचा उजवा पाय आपोआप उचलला गेला, पळायला निघाल्यासारखा. त्यांनी खाली पाहिलं. वॉकरची मूठ घट्ट धरली आणि पाय हळूच होता तिथे ठेवला. मग मागे वळून काकांच्या कपावर झाकण ठेवलं, आणि पुन्हा खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत.