उलटे महाराज आणि काकूंचा हात

छापखान्याच्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती. गिऱ्हाइकं, शेजारचे दुकानदार, बाइंडिंगच्या बायका, सगळे माना उंचावून बंद पडलेल्या संगणकाकडे पाहत होते. त्याच्यासमोर पडद्यासकट डोक्यावरून शाल ओढून उलटे महाराज बसले होते. बिघडलेल्या यंत्राचा काळ ते उलटा फिरवतात म्हणून हे नाव, तेही त्यांनी स्वतःच ठेवलेलं.

"डोळे मिटा. फिरता काळ जो पाहील त्याची दृष्टी जाईल," शालीतून आवाज आला.

पटापट डोळे मिटले. कंपोझिटरबाईंनी मात्र मिटले नाहीत. त्यांच्या डोक्यात गर्दीत डोळे मिटून उभे असलेले, छापखान्यातले मुद्रितशोधक काका होते. अर्धांगाच्या झटक्याने त्यांच्या बायकोचा, काकूंचा, उजवा हात लुळा पडला होता, पण व्यायामाने बोटं हलू लागली होती. तेवढ्यात काकांना महाराज भेटले. व्यायामाने काळ पुढे सरकतो, म्हणून तो बंद करा, मी हात झटक्याच्या आदल्या दिवसावर नेऊन ठेवतो, असं त्यांनी सांगितलं. काकांनी ऐकलं. पंधरा दिवसांत बोटं पुन्हा आखडली.

शाल एका बाजूला तोकडी पडली होती आणि त्या बाजूला काचेचं कपाट होतं. काचेत पडदा उलटा दिसत होता. बाईंची अर्धी हयात छपाईचे शिशाचे खिळे, म्हणजे उलटी कोरलेली अक्षरं, जुळवण्यात गेलेली. उलटी अक्षरं त्या सुलट्यासारखी वाचत. पडद्यावर तारखांची यादी होती. महाराज मंत्र पुटपुटत होते आणि माऊसने रविवार निवडत होते.

थोड्या वेळाने संगणक सुरू झाला. लोकांनी हात जोडले.

बाई पुढे आल्या. सोमवारी नव्या छपाईयंत्राची सीडी घातली तेव्हापासून संगणक बिघडला होता. त्यांनी तीच पुन्हा घातली, आणि संगणक पुन्हा अडकला. मालकांचा चेहरा पडला. मग बाईंनी काकांना खुर्चीत बसवलं. काकांनी जन्मात माऊस धरला नव्हता. बाई सांगत गेल्या, काका दाबत गेले. यादी आली, रविवार निवडला. शाल नाही, मंत्र नाही, सगळ्यांचे डोळे टक्क उघडे. संगणक सुरू झाला आणि कोणाचीही दृष्टी गेली नाही.

माझीच शक्ती यांच्या बोटांत उतरली, असं म्हणत महाराज शालीची घडी करू लागले. बाइंडिंगच्या बायका फिसकन हसल्या.

काका खुर्चीतून उठेनात. "म्हणजे काळ मागे गेलाच नाही?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही, काका. संगणक चांगला चालत असताना आपल्या मांडणीची नोंद करून ठेवतो. बिघडला की ती नोंद काढून पुन्हा तशीच मांडणी करायची, एवढंच. माणसाचं शरीर अशी नोंद ठेवत नाही. काकूंचा हात मागे नेता येणार नाही. व्यायामाने पुढेच न्यावा लागेल. पंधरा दिवस गेले, सोळावा घालवू नका."

काकांनी डोळे पुसले आणि मालकांना न विचारता टेबलावरचा फोन ओढून व्यायाम शिकवणाऱ्या बाईंचा नंबर फिरवला.

कोणी डोळे मिटायला सांगितलं, तर आधी ते उघडे ठेवून पाहावं.