पिलाची हाक

"माणसाला सगळ्या जगाला आयुष्यभर फसवता येतं, कोल्ह्याला मात्र एकदाच," असं बार्नी क्विल्टीने अंधाराला उद्देशून जाहीर केलं, पत्र्याची शिट्टी दातांत धरली, छाती भरून फुंकली, आणि शिट्टीसकट त्याची वरची कवळी समोरच्या गवतात जाऊन पडली.

त्यानंतर बराच वेळ तो आणि नेव्हिल टिअरनी शिकारीच्या लाल दिव्याच्या उजेडात गवत चाचपत होते. कवळी सापडली ती मेंढ्यांच्या लेंड्यांत. बार्नीने ती पँटला पुसली, थोडा विचार केला आणि खिशात टाकली. शिट्टीचा विषय तिथेच संपला. डब्याच्या झाकणाचा दुमडून भोक पाडलेला तो पत्रा दातांशिवाय वाजत नाही, आणि वाजलाच तर त्यातून कोल्ह्याला भुलवणारा जखमी ससा न ओरडता चहाची किटली ओरडते.

नेव्हिलला हसू आलं नाही. सप्टेंबर निम्मा सरला होता, म्हणजे इकडचा, दक्षिण गोलार्धातला हिवाळा संपत आला होता. मेंढ्या वीत होत्या आणि रोज सकाळी कुरणात त्याला बिनजिभेची कोकरं सापडत होती. कोल्हीण कोकरू पुरतं बाहेर यायचीही वाट पाहत नसे. जीभ खायची, शेपूट खायची, बाकीचं कावळ्यांवर सोडून जायची. गवत यंदा बरं होतं, लोकरीला भाव होता, सगळं होतं, फक्त कोकरं उरत नव्हती. बहीण ग्लेनिसने फोनवर स्वच्छ सांगून टाकलं होतं की यंदाही कोकरं अशीच गेली तर जमीन विकायची आणि आईला कूमा गावच्या वृद्धाश्रमात ठेवायचं. ग्लेनिसचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तिचा राग यायचा तो त्यामुळेच.

आई, म्हणजे मर्ल टिअरनी, हिवाळा लागल्यापासून खिडकीपाशी खुर्चीत बसून होती आणि बोलत नव्हती. नेव्हिलने तिला हरतऱ्हेने हाका मारून पाहिल्या होत्या. आधी 'आई', मग 'मर्ल', मग गेलेला बाप मारायचा तशी ओट्यावर दोनदा थाप, मग ताटावर चमचा. डॉक्टरांनी तिच्या तरुणपणची गाणी लावायला सांगितलं, तीही लावली. त्या गाण्यांनी कुत्रा तेवढा आला. आई काचेबाहेर पाहत राहिली. नेव्हिल तिला भरवायचा, धुवायचा, निजवायचा. चष्मा मात्र ती झोपेतही काढू देत नसे. दाराला कडी घालायची गरजच नव्हती, कारण खुर्चीतून ती आपण होऊन कधी उठलीच नव्हती. तिला आता जगातली एक खिडकी तेवढी ओळखीची उरली होती, आणि ती विकायची नाही एवढंच नेव्हिलचं म्हणणं होतं.

तर शिट्टी गेल्यावर उरलं ते जनावरांच्या हाका काढणारं यंत्र. नेव्हिलने ते नवं आणलं होतं. कर्णा दूर गवतात ठेवायचा आणि गाडीच्या मागच्या हौद्यात बसून रिमोटचं बटण दाबायचं. बार्नी त्याला 'डबा' म्हणायचा, आणि दात काढून ठेवल्यामुळे आज तो शब्द नेहमीपेक्षा जास्त तुच्छतेने बाहेर पडत होता. रिमोट मात्र त्याने स्वतःच्याच हातात धरला होता.

जखमी सशाची हाक लावण्यात अर्थ नव्हता. जूनमध्ये नेव्हिलने त्याच हाकेवर या कोल्हिणीला अगदी जवळ आणली होती, आणि डोळे चमकताच घाईने गोळी घातली होती ती शेजारच्या खांबाला. कोल्हा पोराबाळांची नावं विसरेल, पण चुकलेली गोळी विसरत नाही. सशाचा आवाज आला की ती आता डोंगराच्या पलीकडल्या अंगाला निघून जायची. मग बार्नीने पक्ष्याची हाक लावली. एक रानमांजर येऊन बघून गेलं. उंदराच्या चिरचिरीला घुबड आलं आणि निराश होऊन परतलं. माजावर आलेल्या मादीची हाक नेव्हिलने सुचवली, तेव्हा बार्नी म्हणाला की लग्न होऊन पोरं झाल्यावर आता दारात वाजंत्री कशाला.

यादीत शेवटी पिलाची हाक होती. सापळ्यात सापडलेलं कोल्ह्याचं पिलू.

"ती नको," बार्नी म्हणाला.

"का?"

"तिला मादी येते. हमखास. वारं बघत नाही, वास घेत नाही. सरळ येते."

"मग हवंय काय आपल्याला?"

बार्नीने रिमोटवरून अंगठा फिरवला. "मी एकदा लावली होती. माझ्या बुटांपर्यंत आली ती. मला बघूनही थांबली नाही." मग त्याने खिसा चाचपला. "शिट्टीच बरी होती."

"तुझे दात खिशात आहेत, बार्नी."

बार्नीने बटण दाबलं.

गवतातून जो आवाज उठला तो ऐकून गाडीखालचा कुत्रा उठला आणि पुन्हा अंग चोरून बसला. आधी कुरकुर, मग श्वास अडकल्यासारखं थांबणं, मग एकदम टाहो. अंगावर कुणी न घेतलेलं मूल रडतं तसा. व्यालेल्या मेंढ्या माना वर करून बघू लागल्या. नेव्हिलने बंदूक गाडीच्या टपाला टेकवली, सुरक्षेचा खटका काढला आणि बंदुकीवरच्या दुर्बिणीला डोळा लावला. बार्नी दिवा सावकाश फिरवत राहिला.

घराकडल्या कुंपणाशी दिवा थांबला. तारेखाली, जमिनीलगत, दोन लाल ठिपके चमकत होते.

आली होती. जिथून कधीच येत नसे तिथून, घराच्या बाजूने आली होती. खालच्या तारेखालून सरपटत होती. अडली, मागे सरली, पुन्हा पुढे आली. ठिपके मिटत नव्हते. नेव्हिलचं बोट घोड्यावर बसलं. जूनमध्ये घाई केली होती म्हणून आज त्याने एक श्वास जास्त घेतला.

त्या एका श्वासात ठिपके उभे राहिले. आधी गुडघ्याएवढे, मग कमरेएवढे, मग माणसाएवढे. कोल्हा असा उभा राहत नाही.

"नेव्ह," बार्नी म्हणाला. एवढंच.

रात्रीच्या झग्यात, अनवाणी, कोपर तारेने ओरबाडलेलं, चष्म्याच्या काचांत लाल दिवा घेऊन मर्ल टिअरनी गोठलेल्या दवाने पांढऱ्या पडलेल्या गवतातून भराभर चालत आली. गाडीकडे तिने पाहिलंही नाही. आवाजापाशी गेली, वाकली, आणि गवतातला कर्णा उचलून तिने खांद्याशी धरला. थोपटू लागली. कर्णा तिच्या कानाशी टाहो फोडत होता.

नेव्हिलने बोट घोड्यावरून काढलं, पण ते त्याला बराच वेळ सरळ करता येईना.

बार्नीने पुन्हा बटण दाबलं. आवाज थांबला.

"बघितलंत?" मर्ल म्हणाली. हिवाळा लागल्यापासूनचं तिचं हे पहिलं बोलणं होतं, आणि ते ठसठशीत होतं. "घेतलं की गप्प. एवढा वेळ पोर रडतंय आणि कुणाला उठवत नाही."

"आई," नेव्हिल म्हणाला.

तिने त्याच्याकडे वळून पाहिलं. अनोळखी माणसाकडे बघावं तसं, पण सभ्यपणे.

तेवढ्यात बार्नीने त्याच्या बाहीला हात लावला. मर्लच्या डावीकडे, सात-आठ हातांवर, आणखी दोन लाल डोळे गवतात बसले होते. खरे. लुकलुकणारे. कोल्हीण सरळ आली होती आणि रडणं थांबलं म्हणून थांबली होती. तिची मान कर्ण्याकडे होती. मर्लपासून पुरेशी बाजूला होती. इतकी सोपी गोळी नेव्हिलला जन्मात मिळाली नव्हती. कोकरं, जमीन, खिडकी, सगळं त्या दोन डोळ्यांच्या मध्ये बसलं होतं आणि दिवा आणखी दोन क्षण तिथेच राहायला हवा होता.

त्याने बंदूक पुन्हा टपाला टेकवली.

"अहो," मर्लने खांद्यावरच्या कर्ण्यावर हाताची सावली धरून हळूच हाक मारली. "तो दिवा तेवढा बंद करता का? माझ्या नेव्हिलच्या डोळ्यांवर येतोय."