वृक्काकार

झटका आला तेव्हा सर आरशासमोर दाढी करत होते. जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेला माणूस. बोलायला लागला की समोरच्याने घड्याळाकडे बघावं. दवाखान्यातून घरी आले ते उजवा हात लुळा आणि तोंडात एकच शब्द घेऊन. वृक्काकार.

पाणी हवं, वृक्काकार. उशी सरकली, वृक्काकार. लेक भेटायला आली की डोळे भरायचे, आणि पुन्हा तेच.

"म्हणजे काय गं?" बायकोने लेकीला विचारलं.

लेकीने फोनवर शोधलं. "मूत्रपिंडाच्या आकाराचं. पानाचा एक आकार असतो म्हणे. राजम्याच्या दाण्यासारखा."

बायको उठली. आत जाऊन धुतलेलीच भांडी पुन्हा धूत बसली. एवढ्या वर्षांचा संसार, त्यातलं काही म्हणता काही उरलं नाही, आणि उरलं ते हे. तिला त्या झाडपाल्याचा मनापासून कंटाळा होता. लग्नानंतर दोघं फिरायला गेले, तिथेही हा माणूस भिंग लावून शेवाळ बघत बसला होता.

घरी एक स्पीच थेरपिस्ट मुलगी यायची. कप, किल्ली, मांजर अशी चित्रं दाखवायची. सर तोंड फिरवायचे. एकदा निघताना ती म्हणाली, "काकू, मांजराशी त्यांचं काही देणंघेणं दिसत नाही. त्यांच्या आवडीचं काही दाखवून बघा."

बायको बाल्कनीत गेली, मनीप्लांटचं एक पान खुडलं आणि सरांच्या डाव्या हातात ठेवलं.

"घ्या, हे तुमचं वृक्काकार."

सरांनी पान उलटसुलट करून पाहिलं. कपाळावर आठी चढली.

"नाही," ते म्हणाले.

तिच्या अंगावर काटा आला. तरी आवाज तिने साधाच ठेवला. "नाही कसं? पान तर आहे."

"नाही." त्यांनी पानाच्या शेंड्यावर अंगठा दाबला. ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. घाम फुटला. "टो... टोक."

"टोक असलं की वृक्काकार नाही म्हणायचं?"

त्यांनी मान डोलावली, तीही जरा तुसडेपणानेच, एवढंही कळत नाही का अशी. ती पलंगाच्या कडेला बसली आणि तिला रडू आवरेना. अडाणी ठरल्याचा इतका आनंद तिला जन्मात झाला नव्हता.

पुढे शब्द येत गेले, पण त्यांच्या स्वतःच्या क्रमाने. देठ आला, शीर आली, मूळ आलं. पाणी बऱ्याच उशिरा आलं. तिचं नाव शेवटपर्यंत आलं नाही. त्याचं तिला वाईट वाटायचं, ते तिने लेकीलाही कधी सांगितलं नाही. रोज सकाळी ती खाली उतरून रस्त्याच्या कडेचं एखादं पान आणायची आणि आकार चुकीचा सांगायची. पुढेपुढे बरोबर ओळखता यायला लागलं, तरी मुद्दाम चुकायची, आणि ते "नाही" म्हणेपर्यंत गप्प बसून राहायची.